कोटाच्या आतला कायदा

गेल्या महिन्यात तंजावूरला दोन दिवसांचं काम निघालं. इथल्या हवाई दलाच्या तळावर तिन्ही दलांच्या अधिकाऱ्यांची एक बैठक होती. दुसऱ्या दिवशी दुपारीच काम आटोपलं, परतीची गाडी रात्रीची. मराठी माणूस तंजावूरला येऊन राजवाडा न बघता परतला, तर घरी त्याला कुणी चहासुद्धा विचारणार नाही. सोबतीला नौदलातला माझा कोर्समेट होता, रत्नागिरीचा. एनडीएत तीन वर्षं आम्ही एकाच स्क्वाड्रनमध्ये रगडा खाल्ला. पुढे तो समुद्रावर गेला, मी पायदळात.

जे इथे आले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. राजवाडा मुळात नायक राजांचा. शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे १६७०च्या दशकात इथे गादीवर बसले आणि भोसल्यांचं राज्य १८५५ पर्यंत टिकलं. आवारात घंटेचा मनोरा आहे, रंगवलेल्या खांबांचा मराठा दरबार आहे, मूर्तींचं दालन आहे आणि सरस्वती महाल ग्रंथालय आहे. ग्रंथालयाला आजचं रूप दिलं सरफोजीराजे दुसरे यांनी (१७७७–१८३२). भोसले घराण्याचा इतिहास मराठीत दगडावर कोरून घेणारे तेच. १८०३ चा तो भलामोठा शिलालेख जवळच्या बृहदीश्वर मंदिरात आहे. कावेरीच्या काठी, चोळांच्या देवळात, आपली भाषा दगडात वाचताना काय वाटतं ते मी इथे लिहीत बसत नाही. ज्यांनी वाचलाय त्यांना ठाऊक आहे.

मला दरबारात उभं असताना आठवला तो १७९९ चा तह. त्या वर्षी सरफोजीराजांनी राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. बदल्यात दरसाल एक लाख पॅगोडा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. राजाची सत्ता उरली ती तंजावूरचा कोट आणि आसपासच्या थोड्या भागापुरती. म्हणजे या कोटाच्या आत राजाचा हुकूम आणि बाहेर पडलं की कंपनीचा. एकच गाव, एकच रयत, पण कुणाचा कायदा लागू हे तुम्ही भिंतीच्या कुठल्या बाजूला उभे आहात त्यावर ठरायचं.

मी हे सांगितल्यावर कोर्समेट हसला. म्हणाला, "अरे, हे तर आपल्या अंदमानच्या जुन्या सी-इन-सीसारखंच झालं. गादी आहे, झेंडा आहे, पण शिक्षेचा अधिकार दुसऱ्याच्या दफ्तरात."

गंमतीत बोलला, पण बरोबर बोलला. त्यावरून आमची जी चर्चा सुरू झाली ती स्टेशनवर गाडी येईपर्यंत संपली नाही. हा लेख त्या चर्चेतून आला. सुरुवातीलाच एक स्पष्ट करतो. मी सेवेत आहे आणि सेवेतल्या माणसाने काय लिहावं याला नियम आहेत. म्हणून छापील कायदे, प्रसिद्ध झालेले निकाल आणि इतिहास, एवढ्याच्या आधारे लिहितो. एक जुना अनुभव सांगेन, पण त्यात ना पलटणीचं नाव असेल, ना माणसाचं.

आधी अंदमानचं समजून घेऊ. अंदमान-निकोबार कमान २००१ साली उभी राहिली. देशातली पहिली संयुक्त कमान. एकाच सेनापतीच्या हाताखाली भूदल, नौदल, हवाई दल. लढाईचा हुकूम तिघांनाही तोच देणार. पण शिस्तीचे कायदे मात्र तीन: भूदलाचा १९५० चा, हवाई दलाचा १९५० चा आणि नौदलाचा १९५७ चा. आपल्याहून वेगळ्या दलातला माणूस चुकला, तर संयुक्त संस्थेच्या प्रमुखाला त्याच्यावर शिस्तीची कारवाई करता येत नव्हती. त्या माणसाला त्याच्या मूळ दलाच्या युनिटकडे पाठवायचं आणि तिथे त्याचं जे व्हायचं ते व्हायचं.

हे कागदावर किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात काय होतं, त्याचा एक नमुना कोर्समेटने सांगितला. एका संयुक्त मुख्यालयात गाडी लावण्यावरून भूदलाचा लान्स नायक आणि नौदलाचा खलाशी यांची हातापायी झाली. साक्षीदार हवाई दलाचा. भांडण पाच मिनिटांचं, एकाच पार्किंगमधलं. पण फायली दोन झाल्या, दोन दिशांना गेल्या. खलाशाचा निकाल महिन्याभरात लागला. लान्स नायकाला शेकडो किलोमीटरवरच्या युनिटला पाठवलं, साक्षीदाराला तिथवर न्यावं लागलं, आणि निकाल यायला आणखी चार महिने लागले. शिक्षाही सारखी नव्हती. मुख्यालयातले बाकीचे जवान काय शिकले? की न्याय गणवेशाच्या रंगावर असतो.

ही अडचण काढण्यासाठी संसदेने २०२३ साली कायदा केला: आंतर-सेवा संघटना (कमान, नियंत्रण आणि शिस्त) कायदा. मार्चमध्ये लोकसभेत मांडला गेला, ऑगस्टमध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झाला. १० मे २०२४ पासून लागू झाला आणि त्याखालचे नियम मे २०२५ मध्ये आले. आता अंदमान कमान, संरक्षण अवकाश एजन्सी, एनडीए यांसारख्या संयुक्त संस्थांच्या प्रमुखाला तिथल्या तिन्ही दलांच्या माणसांवर शिस्तीचे अधिकार आहेत. मात्र प्रत्येकाचा मूळ कायदा तोच राहिला. जवानाला लष्कर कायदा, खलाशाला नौदल कायदा. बदललं ते इतकंच, की कायदा चालवणारा हात आता जागेवरच आहे.

पाऊल योग्य आहे आणि गरजेचंही होतं. तंजावूरचाच तळ घ्या. जानेवारी २०२० मध्ये इथे सुखोई-३० ची २२२ क्रमांकाची स्क्वाड्रन आली. विमान हवाई दलाचं, त्याच्या पोटाशी ब्राह्मोस, आणि निशाणा समुद्रावरची जहाजं. काम कुठल्या दलाचं, हा प्रश्नच तिथे उरत नाही. पुढे थिएटर कमानी आल्या की असं मिश्र काम हाच नियम होईल. तेव्हा तिन्ही दलांसाठी एकच शिस्तीचा कायदा असावा, ही चर्चा आज ना उद्या प्रत्यक्षात येणार.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. २०२३ च्या कायद्याने अधिकार कुणाच्या हातात, हा प्रश्न सोडवला. पण त्या हाताने हुकूमही द्यायचा, तक्रारही करायची आणि न्यायही करायचा का, हा प्रश्न तसाच राहिला. तीन कायदे शिवून एक केले आणि हा प्रश्न आत तसाच ठेवला, तर आपण फक्त कोटाची भिंत थोडी पुढे सरकवली असं होईल.

मी समरी कोर्ट मार्शलबद्दल बोलतोय. नागरी वाचकांसाठी सांगतो. भूदलात कोर्ट मार्शल चार प्रकारची. जनरल कोर्ट मार्शलला किमान पाच अधिकारी बसतात, डिस्ट्रिक्टला किमान तीन. समरी जनरल हे मुख्यतः युद्धकाळासाठी, तिथेही किमान तीन. चौथं समरी कोर्ट मार्शल. यात न्यायालय म्हणजे एकटा कमांडिंग ऑफिसर. सोबत दोघे हजर असतात, अधिकारी किंवा जेसीओ, पण त्यांना शपथ नसते आणि मतही नसतं. सीओ लेफ्टनंट कर्नल किंवा त्यावरचा असेल तर तो एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो, आणि नोकरीतून बडतर्फ करू शकतो. शिक्षेला वरच्या मंजुरीची गरज नाही. साधारणपणे ती लगेच अमलात येते. कागद नंतर वरच्या मुख्यालयात तपासणीला जातात. आरोपीला मदतीला माणूस मिळतो, वकीलसुद्धा चालतो. पण त्या मदतनिसाने साक्षीदाराला प्रश्न विचारायचे नाहीत आणि कोर्टापुढे बोलायचं नाही. कानात सांगायचं, बस.

हे कोर्ट फक्त जवानांसाठी आणि हवालदारापर्यंतच्यांसाठी. अधिकाऱ्यावर किंवा जेसीओवर ते चालत नाही. हवाई दलाच्या कायद्यात असं कोर्टच नाही. नौदलात जहाजाच्या कप्तानाला शिक्षेचे अधिकार आहेत, पण त्याची घडण वेगळी. म्हणजे एकाच संयुक्त तळावर एकच गुन्हा करणाऱ्या तिघांपैकी फक्त भूदलाच्या जवानावर हे चालू शकतं. ही रचना आली १८५७ नंतरच्या काळात, जेव्हा सरकारला आपल्याच फौजेची धास्ती होती आणि गोऱ्या कमांडिंग ऑफिसरच्या हाती झटपट जरब हवी होती. १९५० मध्ये आपण लष्कर कायदा आपला केला, पण हा भाग जवळपास तसाच ठेवला.

मी कॅप्टन असताना एका समरी कोर्ट मार्शलला "हजर राहणारा" म्हणून बसलो होतो. दुसरे हजर आमचे सुभेदार साहेब. आरोपी सातारकडचा, तेरा वर्षं नोकरी झालेला. रजेवर गेला आणि तीन महिन्यांहून जास्त उशिरा परतला. त्या वर्षी युनिटमध्ये असे आणखी चौघे होते आणि दोन महिन्यांत पलटण फील्डला जायची होती. टोपी-बेल्ट उतरवून त्याला आत आणलं. सीओ साहेबांनी आरोप वाचून दाखवला, गुन्हा कबूल केल्यास काय होईल ते समजावलं, जसं नियमात आहे तसं. विचारलं, कबूल आहे?

तो म्हणाला, "कबूल आहे साहेब. उशीर झाला हे खरंच आहे."

पाऊण तासात सगळं आटोपलं. दोन महिने कैद आणि बडतर्फी.

कायद्याचं कलम ३९ नीट वाचलं तर रजेवरून उशिरा येणं हा गुन्हा केव्हा? "पुरेशा कारणाशिवाय" उशीर झाला तेव्हा. या माणसाकडे कारण होतं. बायकोचं बाळंतपण बिघडलं होतं, ती दीड महिना जिल्हा रुग्णालयात होती, आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. कागद त्याच्या ट्रंकेत होते. पण "उशीर झाला" हे कबूल करणं आणि "गुन्हा केला" हे कबूल करणं यात फरक आहे, हे त्याच्या वतीने उभं राहून बोलणारं खोलीत कुणी नव्हतं. कारण पुरेसं होतं की नाही, यावर दोन मतं होऊ शकतात. तार का केली नाही, फोन का केला नाही, हे सीओ साहेबांचे प्रश्न रास्तच होते. पण ती दोन मतं मांडली गेलीच नाहीत.

सीओ साहेब दुष्ट नव्हते. मी पाहिलेल्या चांगल्या कमांडिंग ऑफिसरांपैकी ते एक. संध्याकाळी मेसमध्ये ते जेवले नाहीत. अडचण हीच आहे. पलटणीची शिस्त सांभाळायची जबाबदारी त्यांची, फील्डला पूर्ण संख्येने जायची जबाबदारी त्यांची, चौघांना जरब बसावी ही गरज त्यांची, आणि पाचव्याचा न्यायही त्यांनीच करायचा. माणूस कितीही सरळ असला तरी या चार गोष्टी एकाच डोक्यात वेगवेगळ्या खणांत राहत नाहीत.

बाहेर आल्यावर सुभेदार साहेब बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "साहेब, आपण दोघं आत होतो. आपल्याला कुणी काही विचारलं का?" मी म्हणालो, नियमात तसं नाही. ते म्हणाले, "मग आपण तिथं कशाला होतो?"

पेन्शनला जवानाची पंधरा वर्षं लागतात. त्याची तेरा झाली होती. बडतर्फ झालेल्याच्या हाती पेन्शन येत नाही. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या वाचकांना त्याचा अर्थ मी सांगायला नको. गावात त्या शब्दाचा डाग आणि घरात दोन एकर कोरडवाहू.

शिस्तीच्या नावाखाली तक्रार आणि गुन्हा यांची सरमिसळ कशी होते, हे याच तमिळ मुलुखाने फार पूर्वी पाहिलंय. १८०६ साली मद्रास फौजेत गणवेशाचे नवे नियम आले. नव्या धाटणीची पगडी, कपाळावरचं गंध पुसायचं, दाढी काढायची, कानातल्या बाळ्या काढायच्या. शिपायांनी आधी तक्रार केली. तक्रार हीच अवज्ञा ठरली आणि फटक्यांच्या शिक्षा झाल्या. १० जुलै १८०६ च्या पहाटे वेल्लोरच्या किल्ल्यात उठाव झाला आणि त्याच दिवशी तो रक्तात बुडवला गेला. ज्या किल्ल्यात हे घडलं तो १६७८ मध्ये मराठ्यांनी दीर्घ वेढ्यानंतर घेतला होता, आणि ज्या वर्षी घडलं त्या वर्षी सरफोजीराजे याच तंजावूरच्या गादीवर होते. नंतर कंपनीने ते नियम मागे घेतले, सेनापती क्रॅडॉक आणि मद्रासचा गव्हर्नर बेंटिंक यांना परत बोलावलं. हाच बेंटिंक पुढे गव्हर्नर जनरल होऊन आला आणि १८३५ साली त्याने देशी फौजेतली फटक्यांची शिक्षा बंद केली. दहा वर्षांनी हार्डिंगने ती पुन्हा सुरू केली. सैनिकी कायद्यातली सुधारणा पुढे गेली म्हणजे पुढेच राहते, असं नाही.

हा झाला परक्या राजवटीचा प्रकार. पण स्वतंत्र भारतातही तक्रारीचा गुन्हा झाला आहे. रणजित ठाकूर नावाच्या सिग्नलमनचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, निकाल १९८७ चा. त्याने आपल्या अधिकाऱ्याच्या वागणुकीची तक्रार थेट वर पाठवली. त्याबद्दल २८ दिवसांची कैद झाली. कैदेत असताना जेवायचा हुकूम मोडला, म्हणजे जेवला नाही, म्हणून समरी कोर्ट मार्शल झालं. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार होती तो स्वतः त्या कोर्टात बसला होता. शिक्षा एक वर्ष सक्तमजुरी आणि बडतर्फी. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि दोन गोष्टी सांगितल्या. न्यायाधीश स्वतःला निःपक्ष समजतो का हे बघायचं नसतं, समोर उभ्या असलेल्या माणसाला रास्तपणे काय वाटेल ते बघायचं असतं. आणि शिक्षा गुन्ह्याच्या मानाने असली पाहिजे. २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं की समरी कोर्ट मार्शल हा नेहमीचा मार्ग नव्हे, तातडीची कारवाई अटळ असेल तेव्हाचा अपवाद आहे.

मग दाद मागायची सोय? १९८२ च्या पृथीपालसिंग बेदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की कोर्ट मार्शलविरुद्ध एकही अपील नसणं ही ठळक उणीव आहे. विधी आयोगाने १९९९ मध्ये अहवाल दिला, २००७ मध्ये कायदा झाला आणि २००९ मध्ये सशस्त्र सेना न्यायाधिकरण सुरू झालं. न्यायालयाच्या एका सूचनेला जमिनीवर यायला २७ वर्षं लागली. आणि अजूनही एक फट आहे. समरी कोर्ट मार्शलमध्ये बडतर्फी किंवा तीन महिन्यांहून जास्त कैद झाली असेल तरच न्यायाधिकरणाचं दार उघडतं. तीन महिने कैद भोगून पट्टी उतरलेल्या नायकाला उच्च न्यायालयाचाच रस्ता धरावा लागतो.

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे. मी स्वतः पलटण कमांड केली आहे. पंधरा हजार फुटांवरच्या चौकीत कुणी पहाऱ्यावर झोपलं, तर पाच जणांचं कोर्ट आणि वकील येईपर्यंत वाट बघता येत नाही. शिक्षा लगेच आणि सगळ्यांसमोर झाली तरच तिचा उपयोग. आणि सीओच्या हातातून सगळेच अधिकार काढून घेतले, तर त्याच्या हुकुमाला वजन राहणार नाही. हे म्हणणारे अधिकारी चुकीचं बोलत नाहीत.

पण त्या रोजच्या शिस्तीसाठी कलम ८० आहे. त्याखाली सीओ २८ दिवसांपर्यंत लष्करी कैद देऊ शकतो, पगार कापू शकतो, जादा गार्ड लावू शकतो, समज देऊ शकतो. माझ्या कमांडच्या काळात पेशीला आलेल्या प्रकरणांना हे कलम पुरलं. २८ दिवस आतून आलेला जवान पुन्हा सेक्शनमध्ये उभा राहतो; त्याची नोकरी, त्याची पेन्शन, त्याचं घर शाबूत असतं. बडतर्फी आणि एक वर्ष कैद ही शिस्तीची शिक्षा नाही, ती माणसाचं आयुष्य बदलणारी शिक्षा आहे. ती इतकी तातडीची क्वचितच असते की महिनाभर थांबता येऊ नये. जो आधीच तीन महिने उशिरा आलाय, त्याच्या न्यायाला पाऊण तासात संपायची घाई कसली?

इतर देशांनी हा गुंता सोडवताना फौज मोडली नाही. अमेरिकेने १९५० मध्येच सगळ्या दलांसाठी एक संहिता केली, आणि २०२३ च्या अखेरीपासून खून, लैंगिक अत्याचार अशा गंभीर गुन्ह्यांत खटला भरायचा निर्णय कमांडरकडून काढून स्वतंत्र सैनिकी वकिलांकडे दिला. ब्रिटनमध्ये फॉकलंडच्या लढाईत लढलेल्या फिंडले नावाच्या सैनिकाने युरोपीय मानवाधिकार न्यायालयात दाद मागितली. १९९७ मध्ये निकाल लागला: कोर्ट बोलावणारा, सदस्य नेमणारा आणि शिक्षा मंजूर करणारा अधिकारी एकच असेल तर ते कोर्ट स्वतंत्र नव्हे. त्यानंतर ब्रिटनने रचना बदलली. २००६ च्या कायद्याने तिन्ही दलांना एकच व्यवस्था आली, कायमचं कोर्ट मार्शल आलं. सीओचे किरकोळ शिक्षेचे अधिकार राहिले, पण जवानाला विचारलं जातं: सीओपुढे निकाल हवा की कोर्टापुढे? ज्यांच्याकडून आपण समरी कोर्ट मार्शल वारशाने घेतलं, ते बदलले.

आपल्याकडे याहून जुना वारसा आहे. चिपळूणच्या छावणीतल्या आपल्या अंमलदारांना शिवरायांनी १६७०च्या दशकात पाठवलेलं पत्र शाळेत आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्यात नुसता हुकूम नाही, कारणं आहेत. दाणावैरण आत्ता उधळली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल. मग रयतेला मोगल बरे वाटतील. रात्री दिवा जळता ठेवलात तर उंदीर वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल. इतक्या बारकाईने शिपायाला समजावणारा राजा शिस्तीत ढिला होता असं कुणी म्हणणार नाही. कारण सांगितल्याने हुकुमाचं वजन कमी होत नाही, हे आपल्या मातीत साडेतीनशे वर्षांपासून माहीत आहे.

तेव्हा तिन्ही दलांसाठी एक कायदा लिहिला जाईल तेव्हा त्यात चार गोष्टी असाव्यात, असं मला वाटतं. एक, कलम ८० सारखे अधिकार सीओकडे राहावेत, तिन्ही दलांत सारखे. दोन, बडतर्फी आणि २८ दिवसांवरची कैद शांततेच्या ठाण्यात एकट्या सीओने देऊ नये; प्रत्येक मोठ्या छावणीत कायदा शिकलेल्या माणसाच्या अध्यक्षतेखाली कायमचं कोर्ट असावं. तीन, आरोपीच्या वतीने बोलायला माणूस असावा, फक्त कानात सांगायला नव्हे. चार, कैद कितीही दिवसांची असो, न्यायाधिकरणात एक अपील असावं. युद्धात आणि सीमेवर अपवाद ठेवा, पण तो अपवादच असू द्या.

हे सगळं होईल तेव्हा होईल. तोवर हा ब्लॉग वाचणाऱ्या जवानांच्या घरच्यांना कामाचं सांगतो. रजेवर असताना अडचण आली तर युनिटला लगेच कळवा आणि कळवल्याचा पुरावा ठेवा. रुग्णालयाचे, तहसीलचे कागद ट्रंकेत ठेवू नका, पहिल्या पेशीलाच पुढे करा. कलम ३९ मधले "पुरेसं कारण" हे शब्द लक्षात ठेवा. कबुली देण्यापूर्वी कशाची कबुली देतोय ते विचारा. समजावून सांगणं हे कोर्टाचं कर्तव्य आहे. सोबत मदतनीस मागा. अन्याय झाला असं वाटलं तर कलम २६ खाली तक्रार करता येते, शिक्षा झाली असेल तर कलम १६४ खाली अर्ज करता येतो, आणि महाराष्ट्रासाठी न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईला आहे. यातलं काहीही मागणं म्हणजे बेशिस्त नव्हे. तो कायदाही त्याच पुस्तकात छापलेला आहे, ज्यात शिक्षा छापल्या आहेत.

जय हिंद.